दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेले गणित

संगणकीय विज्ञानात संशोधन करणाऱ्याचे बहुतेक काम स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या यंत्रावर चालते. रसायनशास्त्रज्ञाला आपली प्रयोगशाळा असते, खगोलशास्त्रज्ञाला ठरलेल्या रात्री दुर्बीण मिळते. आम्ही मात्र कोणाच्या तरी संगणकाच्या रांगेत आपला जॉब, म्हणजे चालवायचे गणित, लावतो आणि तो कधी सुरू होतो याची वाट पाहतो. आयुष्याचा मोठा काळ या क्षेत्रात, आणि त्यातही ग्रिड संगणनाच्या, म्हणजे निरनिराळ्या संस्थांचे दूरदूरचे संगणक जोडून ते सामायिक वापरण्याच्या, संशोधनात घालवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, आपले नसलेले यंत्र भरवशाने कसे वापरावे आणि आपले यंत्र अनोळखी माणसाला निर्धास्तपणे कसे वापरू द्यावे, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. वेगाचे प्रश्न दर काही वर्षांनी नवे यंत्र येऊन हलके होतात. हा प्रश्न माणसांनाच सोडवावा लागतो, आणि ज्यांनी तो सोडवण्यासाठी आपली उमेदीची वर्षे घातली त्यांच्या श्रमांची नोंद आमच्या विद्यापीठीय व्यवस्थेने फार कमी ठेवली.

मुंबईपुरते बोलायचे तर या प्रश्नाचा इतिहास साठ वर्षांहून जुना आहे. कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरात असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी बांधलेला संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची होती, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम दहा किलोबाइट. त्यानंतर १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला आणि इतर संस्थांतील संशोधकही आपली गणिते त्यावर चालवून घेऊ लागले. पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा, छापील निकालाची वाट पाहायची, एखादे कार्ड चुकले असेल तर ते बदलून पुन्हा रांगेत उभे राहायचे, अशी ती पद्धत. सामायिक गणनाचे सगळे मूलभूत प्रश्न त्या रांगेत हजर होते: कोणाचा जॉब आधी घ्यायचा, किती वेळ द्यायचा, यंत्र अडून बसले तर जबाबदारी कोणाची. ग्रिड संगणनाने हेच प्रश्न अनेक शहरांत आणि अनेक देशांत पसरलेल्या यंत्रांबाबत विचारले, एवढाच फरक.

मी या विषयात आले ती भौतिकशास्त्रातून. कलिना येथील विद्यापीठ परिसरात एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी मी मुंबई बंदर आणि ठाणे खाडीतील भरती-ओहोटीच्या प्रवाहाचे संगणकीय प्रारूप हा विषय घेतला. पाण्याची खोली त्याच्या पसरटपणाच्या मानाने कमी असली की प्रवाहाची समीकरणे बरीच सोपी होतात, तरीही ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून खाडीच्या नकाशावर चौकोनांची जाळी टाकायची, प्रत्येक चौकोनातील पाण्याची उंची आणि वेग साठवायचा आणि वेळेच्या लहान लहान पावलांनी ती आकडेवारी पुढे न्यायची. ही पावले किती मोठी असावीत, हे आपल्या इच्छेवर नसते. कुरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ मध्ये दाखवून दिले की, एका पावलाच्या काळात लाट जितके अंतर कापते ते जाळीतील चौकोनाच्या मानाने फार वाढले की गणित कोसळते. दहा मीटर खोल पाण्यात भरतीची लाट सेकंदाला सुमारे दहा मीटर धावते, म्हणून चौकोन शंभर मीटरचा असेल तर पाऊल साधारण दहा सेकंदांचे. चौकोन पन्नास मीटरचा केला की चौकोनांची संख्या चौपट होते आणि पाऊल निम्मे होते, म्हणजे एकूण काम आठपट. पंचवीस मीटरवर आले की चौसष्टपट. ज्याने ही वाढ स्वतः अनुभवली आहे त्याला अधिक यंत्रांची भूक कोठून येते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि बारीक जाळी ही चैन नाही, हे मुंबईने २६ जुलै २००५ रोजी सगळ्यांना दाखवले. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. त्या काळातील जागतिक हवामान प्रारूपांच्या जाळीत एका चौकोनाची बाजू चाळीस-पन्नास किलोमीटर किंवा त्याहून मोठी असे, त्यामुळे कुलाबा आणि सांताक्रूझ ही त्यांच्या दृष्टीने एकच जागा होती. शहराच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, त्यात भरतीच्या वेळी समुद्राकडे जाणारी वाट बंद, आणि पाऊस नेमका कोणत्या उपनगरावर कोसळणार हे सांगणारे गणित हाताशी नाही. त्या वर्षानंतर माझ्या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तोपर्यंत खाडीतील प्रवाह हा माझ्यासाठी एक सुंदर गणिती प्रश्न होता. त्यानंतर मिठी नदीच्या मुखाशी भरतीची उंची किती येते, हा माझ्या शहरातील लोकांच्या घरात पाणी शिरेल की नाही, याचा प्रश्न झाला.

माझ्या पीएच.डी.च्या काळात एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर गणित चालवण्याची कला आपल्याकडे मूळ धरत होती. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा समांतर महासंगणक तयार केला होता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनुपम मालिकेतील समांतर संगणक उभे राहत होते. आमच्यासारख्यांच्या वाट्याला साधे पर्सनल संगणक जोडून केलेले क्लस्टर आले. १९९४ मध्ये एमपीआय ही संदेश देवाणघेवाणीची प्रमाण पद्धत ठरली आणि एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेणे प्रथमच सुसह्य झाले. माझे गाइड फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत मुरलेले होते. नवा प्रोसेसर जोडला की आनंदून जाणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना ते संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांचा १९६७ मधील हिशेब पुन्हा पुन्हा करायला लावत: कामाचा पाच टक्के भाग वाटून घेता येण्याजोगा नसेल, तर प्रोसेसर हजार लावा की लाख, वेग वीसपटीच्या पुढे जाणार नाही. माझ्या मते संगणकीय विज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रोग्राम लिहायला बसण्यापूर्वी हा हिशेब हाताने करून पाहिला पाहिजे.

येथे एक प्रसंग जरा तपशिलाने सांगते, कारण या क्षेत्रातील कामाचा पोत त्यातून कळतो. माझी एक विद्यार्थिनी खाडीचे प्रारूप सोळा प्रोसेसरांवर चालवून मग तेच बत्तीस प्रोसेसरांवर चालवत होती. एका संध्याकाळी ती दोन छापील तक्ते घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, प्रोग्राम तोच, माहिती तीच, पण खाडीतील एकूण पाण्याची बेरीज शेवटच्या आकड्यांत जुळत नाही.” तिने सगळे तपासले होते. आम्ही तेथेच फळ्यावर एक साधे उदाहरण केले. संगणक दशांश आकडे सुमारे सोळा अंकांपर्यंत ठेवतो. १ मध्ये दहाचा सोळावा घात मिळवा आणि मग तोच घात वजा करा, तर उत्तर शून्य येते, कारण त्या प्रचंड संख्येपुढे १ साठवायला जागाच उरत नाही. आधी घातातून घात वजा करा आणि मग १ मिळवा, तर उत्तर १ येते. बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलते. सोळा प्रोसेसर सोळा उपबेरजा करून त्या एकत्र करतात, बत्तीस प्रोसेसर बत्तीस. क्रम वेगळा, म्हणून शेवटचे अंक वेगळे. शाळेत शिकलेला बेरजेचा साहचर्य नियम यंत्राच्या पोटात टिकत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर उमटलेले मला अजून आठवते.

पण प्रश्न तेथे संपला नाही. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची जंगले आणि खाजणाची जमीन आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. प्रारूपात पाण्याची खोली एका किमान मर्यादेखाली गेली की तो चौकोन कोरडा धरला जातो. आता एखाद्या चौकोनातील खोली नेमकी त्या मर्यादेवर रेंगाळत असेल, तर सोळाव्या अंकातील फरकाने तो एका वेळी ओला ठरतो आणि दुसऱ्या वेळी कोरडा, आणि तेथून पुढे त्या भागातील प्रवाहच वेगळा वाहू लागतो. मग खरे उत्तर कोणते? आम्ही पुढे बरीच महिने खर्च करून बेरजेत गळणारे अंक जपून ठेवण्याची विल्यम काहान यांची १९६५ मधील युक्ती वापरली, बेरजेचा क्रम प्रोसेसरांच्या संख्येवर अवलंबून राहणार नाही अशी रचना केली आणि खाजणाच्या पट्ट्यात उत्तराची अनिश्चितता किती, हे स्वतंत्रपणे मोजले. या कामातून एक छोटा निबंध निघाला. त्याहून मोठे काम जे झाले ते प्रोग्रामच्या आत राहिले.

ग्रिडची कल्पना आमच्यापर्यंत पोहोचली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. इयान फॉस्टर आणि कार्ल केसलमन या संगणकशास्त्रज्ञांनी मांडलेली त्यामागची उपमा विजेची होती: भिंतीतील प्लगमध्ये पिन घातली की वीज मिळते, ती कोणत्या केंद्रातून आली याची चौकशी आपण करत नाही, गणनशक्तीही तशीच मिळावी. मुंबईकराला ही उपमा फार लवकर पटते, कारण १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत या शहरात आली तेव्हापासून डोंगरापलीकडच्या पाण्यावर आपले दिवे लागत आले आहेत. मलाही ती पटली होती, आणि म्हणूनच ती कोठे तुटते हे समजून घेण्यात मला रस निर्माण झाला. खोपोलीचे युनिट आणि चंद्रपूरचे युनिट ग्राहकाच्या दृष्टीने अगदी एकच असते. संगणकाचा एक तास मात्र दुसऱ्या संगणकाच्या एका तासासारखा नसतो. येथे कम्पायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर, एका आवृत्तीचा, तेथे दुसऱ्या. एका केंद्रावर हवी ती लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) बसवलेली, दुसऱ्यावर ती नाही. प्रोसेसर एकीकडे मोकळा, पण ज्या माहितीवर काम करायचे ती माहिती हजार किलोमीटर दूर. शिवाय वीज घेणारा वीज केंद्रात शिरून काही बिघडवू शकत नाही, आणि दुसऱ्याच्या संगणकावर प्रोग्राम चालवणारा पुष्कळ काही बिघडवू शकतो. ग्रिड संशोधनाची पुढची दहा वर्षे या फरकांवरच खर्च झाली, असे म्हणता येईल.

यातील विश्वासाचा भाग मला सर्वांत समृद्ध वाटतो. ग्रिडवर काम करायचे तर प्रथम सर्टिफिकेट, म्हणजे आपली ओळख पटवणारी एक डिजिटल फाइल, लागे. आपल्या देशात ते देणारी यंत्रणा बंगळुरूच्या सी-डॅकने चालवली. अर्ज संगणकावरून करता येई, पण ओळख पटवून घ्यायला नोंदणी अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष जावे लागे. संस्थेचे ओळखपत्र, विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र, आणि समोरचा माणूस छायाचित्राशी चेहरा ताडून पाहणार. त्यानंतर मिळणारे सर्टिफिकेट सुमारे वर्षभर चाले, आणि ते जगातील ज्या ज्या केंद्राने या व्यवस्थेला मान्यता दिली असेल तेथे ग्राह्य धरले जाई. थोडा विचार केला तर ही केवढी विलक्षण गोष्ट होती, हे लक्षात येते. मुंबईतील एका कार्यालयात कोणीतरी माझा चेहरा पाहून होकार दिला, आणि त्या भरवशावर मला कधीही न भेटलेला युरोपातील एक सिसॅडमिन, म्हणजे तेथील यंत्रे सांभाळणारा माणूस, माझा प्रोग्राम त्याच्या यंत्रावर चालू देत होता.

मूळ सर्टिफिकेट कोठेही पाठवायचे नसे. जॉब पाठवण्यापूर्वी आपला गुप्त शब्द देऊन त्यातून एक तात्पुरते प्रॉक्सी सर्टिफिकेट काढायचे, आणि तेच जॉबबरोबर जाई. ग्लोबस या ग्रिडच्या सॉफ्टवेअर प्रणालीत त्याची मुदत मुळात बारा तासांची असे. संध्याकाळी सहाला जॉब लावला, दूरच्या केंद्रावरील रांगेत तो रात्रभर थांबला आणि पहाटे पाचला सुरू झाला, तर सहा वाजता प्रॉक्सीची मुदत संपत असे; गणित पुढे चालू राही, पण तयार झालेला निकाल आपल्या साठवणीत परत आणण्याचा अधिकार जॉबपाशी उरत नसे. विद्यार्थी या बारा तासांवर फार चिडत. मी त्यांना सांगत असे की, कोणी ते प्रॉक्सी चोरले तरी त्याला तुमच्या नावावर जेमतेम अर्धा दिवस वावरता येईल, एवढ्यासाठी ही मुदत आहे, आणि लांबणाऱ्या जॉबसाठी मायप्रॉक्सी सेवेतून ती वाढवून घेण्याची सोय आहे. अधिकार द्यायचा, पण मोजून द्यायचा आणि तो आपोआप संपेल अशी तजवीज करायची, ही कल्पना मला आजही या साऱ्या क्षेत्रातील सर्वांत शहाणी कल्पना वाटते.

भारतात ग्रिडचे दोन मोठे प्रवाह होते. सी-डॅकच्या गरुड प्रकल्पाने १७ शहरांतील ४५ संस्था जोडल्या आणि देशातील महाविद्यालयीन प्राध्यापकालाही मोठ्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची एक वाट दिली. दुसरा प्रवाह जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचा. तेथील लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांच्या टकरी घडवणाऱ्या त्वरकातून निघणारी माहिती एका ठिकाणी साठवून हाताळणे शक्यच नव्हते, म्हणून केंद्रांची उतरंड रचली गेली: शून्य स्तरावर सर्न, पहिल्या स्तरावर काही मोठी राष्ट्रीय केंद्रे आणि दुसऱ्या स्तरावर जगभरातील विद्यापीठे व संशोधन संस्था. आज या जाळ्यात ४० हून अधिक देशांतील १७० च्या आसपास केंद्रे आहेत. भारतातील दुसऱ्या स्तराची दोन केंद्रे म्हणजे या कोलायडरवरील सीएमएस प्रयोगासाठी कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि अॅलिस प्रयोगासाठी कोलकात्याचे व्हीईसीसी हे संशोधन केंद्र. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याची घोषणा झाली तेव्हा सर्नचे तत्कालीन महासंचालक रॉल्फ ह्यूअर यांनी त्या यशाचे श्रेय त्वरक आणि प्रयोग यांच्या जोडीने ग्रिड संगणनालाही दिले. ते वाक्य ऐकताना आमच्या क्षेत्रातील कितीतरी माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना मी करू शकते. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर या कामाचा उल्लेख पूर्वी कोणी केला नव्हता.

कणभौतिकीत ग्रिड इतके यशस्वी झाले आणि माझ्या विषयात ते अर्धवट राहिले, त्याचे कारण गणिताच्या स्वभावात आहे. कोलायडरमधील प्रत्येक टक्कर दुसऱ्या टकरीपासून स्वतंत्र असते. लाखो टकरींचे विश्लेषण हजार जागी वाटून दिले तरी त्यांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. खाडीतील पाण्याचे तसे नाही. वाशीजवळच्या चौकोनातील उंची ऐरोलीजवळच्या चौकोनाला प्रत्येक पावलाला कळावी लागते. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई आणि पुणे यांच्यात दीडशे किलोमीटरची तार धरली, तर जाऊन येऊन दीड मिलिसेकंद केवळ प्रवासात जातात. चांगल्या क्लस्टरमध्ये दोन नोडांमधील (जोडलेल्या संगणकांमधील) हाच संदेश काही मायक्रोसेकंदांत पोहोचतो. शेकडोपटींचा हा फरक कोणतेही सॉफ्टवेअर पुसू शकत नाही, कारण तो प्रकाशाच्या वेगाने ठरवलेला आहे. एकच खाडी दोन शहरांतील यंत्रांवर वाटून चालवण्याचे प्रयोग त्या काळात जगभर झाले, त्यावर निबंधही लिहिले गेले, पण त्यातून व्यवहारात उतरलेले फार थोडे.

आम्हाला ग्रिडचा खरा उपयोग सापडला तो वेगळ्या बाजूने. भरतीच्या अंदाजात वाऱ्याचा वेग, तळाचा खरबरीतपणा, नदीतून येणारे पाणी या सगळ्यांबाबत अनिश्चितता असते. मग एकच उत्तर काढण्यापेक्षा या गोष्टी थोड्या थोड्या बदलून तेच प्रारूप शेकडो वेळा चालवायचे आणि पाणी किती उंचीपर्यंत येण्याची शक्यता किती, हे सांगायचे. यातील प्रत्येक जॉब एका क्लस्टरमध्ये मावतो आणि दुसऱ्या जॉबशी त्याला देणेघेणे नसते, म्हणून ते निरनिराळ्या शहरांत बिनदिक्कत पाठवता येतात. पूर येईल किंवा येणार नाही, असे छातीठोक सांगणाऱ्या एका प्रारूपापेक्षा शंभरातील तीस वेळा पाणी या रस्त्यावर आले, असे सांगणारे गणित नागरिकांशी अधिक प्रामाणिक असते, असे मला वाटते.

आता या सगळ्याचा नोकरीशी आणि बढतीशी असलेला संबंध. आमच्या पिढीतील ग्रिड संशोधकांचे बरेच काम निबंधात मावणारे नव्हते. केंद्राची यंत्रणा अद्ययावत ठेवणे, जॉब मध्येच बंद का पडला हे शोधण्यासाठी रात्री लॉग फाइल, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, वाचणे, दुसऱ्या संस्थेतील संशोधकाचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालता करून देणे, सुरक्षिततेची त्रुटी कळली की सुटीच्या दिवशी येऊन ती बुजवणे. एका मुलाखतीत मी एका सामायिक सॉफ्टवेअरवर केलेल्या अनेक वर्षांच्या कामाचा तपशील दिला, तेव्हा समितीतील एका ज्येष्ठांनी तो कागद बाजूला ठेवून निबंधांची यादी मागितली. त्यांच्या मनात आकस नव्हता. त्यांच्या समोरील तक्त्यात त्या कामाला रकानाच नव्हता. परंतु रकाना नसल्याचे परिणाम खरे असतात. माझे सर्वांत कुशल विद्यार्थी, ज्यांना समांतर प्रोग्राममधील गुंतागुंतीचा बिघाड वास घेतल्यासारखा कळत असे, ते एकामागून एक कंपन्यांत गेले, आणि त्यांना थांबवण्यासाठी माझ्यापाशी देण्यासारखे काही नव्हते.

या बाबतीत कणभौतिकीच्या मंडळींकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सीएमएससारख्या प्रयोगात लेखक म्हणून नाव लागण्यासाठी ठरावीक सेवाकार्य करावे लागते. कण टिपणाऱ्या उपकरणाची (डिटेक्टरची) देखभाल किंवा संगणन केंद्राचे काम त्यात धरले जाते. २०१५ मध्ये सर्नच्या अॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्जच्या वस्तुमानाबाबत जो निबंध प्रसिद्ध केला त्यावर पाच हजारांहून अधिक लेखकांची नावे आहेत. या आकड्याबद्दल लोक नाके मुरडतात, आणि एवढ्या गर्दीत कोणी काय केले हे कळत नाही ही त्यांची तक्रार रास्तही आहे. तरीही यंत्र चालते ठेवणाऱ्याला शोधाचा भागीदार मानणारी ती यादी मला आमच्या विद्यापीठांतील यादीपेक्षा अधिक न्याय्य वाटते.

पुढे क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे संगणक, आले. अॅमेझॉनने २००६ मध्ये तासाच्या भाड्याने संगणक द्यायला सुरुवात केली, आणि ग्रिडच्या नावाने अर्ज केले की पैसे मिळण्याचे दिवस हळूहळू सरले. ग्लोबस टूलकिटचा अधिकृत आधार २०१८ च्या सुरुवातीला थांबला. सर्नच्या जाळ्यातही आता सर्टिफिकेटांच्या जागी टोकन, म्हणजे थोड्या मुदतीचे डिजिटल परवाने, येत आहेत. देशात २०१५ मध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन सुरू झाले आणि विद्यापीठांत मोठी यंत्रे बसू लागली, ही फार चांगली गोष्ट घडली. क्लाउडने परस्परविश्वासाचा प्रश्न पैशाने सोडवला: भाडे भरा, यंत्र तुमचे. ज्यांच्यापाशी भाड्याचे पैसे आहेत त्यांच्यासाठी हे उत्तर पुरेसे आहे. परंतु सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या यंत्रावर रत्नागिरीच्या महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापिकेला कसे घ्यायचे, तिची ओळख कोणी पटवायची, तिच्या जॉबला किती प्राधान्य द्यायचे, हे प्रश्न भाड्याने सुटत नाहीत, आणि त्यांची उत्तरे ज्या लोकांनी ग्रिडच्या काळात घडवली त्यांपैकी अनेकजण आता निवृत्तीला आले आहेत. त्यांच्याकडील ज्ञान लिहून ठेवले गेलेले नाही. मिशनच्या नव्या केंद्रांनी त्यांना सल्लागार म्हणून बोलावले पाहिजे, असे मी संधी मिळेल तेथे सांगत असते.

जून २०२० मध्ये मुंबईसाठी आयफ्लोज ही पुराचा इशारा देणारी प्रणाली सुरू झाली. पाऊस, भरती, नद्या आणि शहरातील निचरा या सगळ्यांची गणिते त्यात एकत्र येतात. माझ्या विषयातील तरुणांसाठी आता काम भरपूर आहे, आणि ते त्यांच्या स्वतःच्या शहराचे काम आहे. माझ्याकडे नव्याने पीएच.डी.साठी येणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिल्या सत्रात खाडीच्या जवळ जाऊ देत नाही. त्याने आधी धरण एकाएकी फुटल्यावर पाणी कसे पसरते हा प्रश्न सोडवायचा, कारण त्याचे अचूक सूत्र रिटर यांनी १८९२ मध्येच काढून ठेवले आहे आणि त्याच्याशी आपले उत्तर ताडून पाहता येते. हे गणित प्रथम एका प्रोसेसरवर, मग सोळांवर, मग जीपीयूवर (एकाच वेळी पुष्कळ गणिते करणाऱ्या चिपवर) चालवायचे, तिन्ही उत्तरांतील फरक मोजायचा आणि त्या फरकाचे कारण लिहून आणायचे. त्यानंतर तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या संस्थेतील एखाद्या विद्यार्थ्याकडे त्याच्या यंत्रावर चालवायला द्यायचे आणि तो कोठे अडला त्याची टिपणे घ्यायची. ही टिपणे प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडण्याची परवानगी आमच्या विभागाने अलीकडे दिली आहे, आणि यंदाच्या दोन प्रबंधांत ती असतील.